शाळेचा पैसा कोणाचा?
डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि शिक्षणावरील सरकारी खर्चाचा लढा

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या समाजात घरोघरी वाचले जाते. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, संविधानाची निर्मिती आणि नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे आमच्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत आहेत. बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्याचा मंत्र दिला, हेही प्रत्येक जयंतीला व्यासपीठावरून सांगितले जाते. मात्र शिकायचे तर शाळा लागते, शाळेला पैसा लागतो आणि तो पैसा कोणीतरी अंदाजपत्रकात मंजूर करावा लागतो. या अगदी रूक्ष वाटणाऱ्या विषयावर बाबासाहेब तब्बल पंचवीस वर्षे कायदेमंडळात आणि निवडणुकांत झगडले, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेसाठी आम्ही त्यांच्या चरित्रातील हा एकच धागा निवडला आहे.

सरकारी शाळेतील गोणपाट

14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैनिकी शाळेत मुख्याध्यापक होते. लष्करात सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे असल्यामुळे या घरात अक्षरओळख आधीच पोचली होती. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. महाराष्ट्र शासन आता हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या शाळेत बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या वर्गात त्यांना प्रवेश तरी कसा मिळाला, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारला पाहिजे.

त्याचे उत्तर 1856 साली सापडते. त्या वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडून जातील, अशी भीती मुंबई सरकारने पुढे केली. प्रकरण वरपर्यंत गेले, आणि 1858 साली कंपनीच्या संचालक मंडळाने असा निर्णय दिला की, सरकारी शाळा सर्व वर्गांच्या प्रजेसाठी खुल्या आहेत. या निर्णयामागील तत्त्व पैशाचे होते. जी शाळा सार्वजनिक तिजोरीतून चालते तिच्या दारावर कोणा एका जातीला पहारा ठेवता येत नाही. प्रत्यक्षात हे तत्त्व पुढे कित्येक वर्षे कागदावरच राहिले. तरीही दार किलकिले झाले होते, आणि त्याच फटीतून भीमराव आत आले. पुढे सायमन कमिशनपुढे निवेदन सादर करताना बाबासाहेबांनी धारवाडच्या त्या अनाम मुलाची हकीकत तपशिलाने मांडली.

वादाची पूर्वपीठिका

सरकारी पैसा कोणत्या शिक्षणावर खर्च व्हावा, हा वाद बाबासाहेबांच्या जन्मापूर्वीच सुरू झाला होता. वरच्या वर्गांना आधी शिकवावे म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असे इंग्रज सरकारचे धोरण होते. खालच्या जातींत शिक्षण प्रथम रुजले तर ते वर चढणार नाही, अशी धास्ती एल्फिन्स्टन यांच्यासारख्या प्रशासकालाही होती. या धोरणाला पहिला सणसणीत जबाब महात्मा जोतीराव फुले यांनी दिला. 1882 साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारच्या उत्पन्नाचे मूळच दाखवून दिले. सारा भरतो शेतकरी, आणि त्या साऱ्यातून शिकतात मात्र उच्च वर्गाची मुले. हा अन्याय दूर करून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. महात्मा फुल्यांचे हे गणित बाबासाहेबांच्या पुढील साऱ्या मांडणीचा पाया ठरले.

1911 साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. मार्च 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. पैसा नाही, ही सबब तेव्हाही पुढे होती. ब्रिटिश सरकारला जे परवडत नव्हते ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1906 पर्यंत आपल्या संस्थानभर लागू केले होते, आणि राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. तेव्हा प्रश्न तिजोरीच्या आकाराचा कधीच नव्हता. तिजोरीचे दार कोणाकडे वळवायचे, याचा होता.

तिजोरीचा अभ्यासक

1907 साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना केळुसकर गुरुजींच्या खटपटीने सयाजीराव महाराजांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 साली त्याच दरबाराच्या साहाय्याने ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे सार्वजनिक अर्थव्यवहाराचे नामांकित अभ्यासक प्राध्यापक सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी जो विषय निवडला तो ध्यानात घेण्याजोगा आहे. केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी झाली, प्रांतांनी कोणते कर वसूल केले आणि ते कशावर उडवले, याचा 1833 पासूनचा इतिहास त्यांनी लिहिला. हा प्रबंध 1925 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर डी. एस्सी. मिळवली.

आमच्या मते बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी या अभ्यासाकडे केवळ पदव्यांची यादी म्हणून पाहिले, ही उणीव आहे. अस्पृश्य समाजाचा पहिला मोठा नेता हा सरकारी जमाखर्च वाचणारा अर्थशास्त्रज्ञ होता. अर्ज, विनंत्या आणि करुणेची भाषा त्याला पुरेशी वाटत नव्हती. सरकार कोणाकडून किती घेते आणि कोणाला किती देते, हे तो आकड्यांनी सिद्ध करू शकत होता. 1923 साली मायदेशी परतल्यावर 20 जुलै 1924 रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली, आणि सभेने पहिल्या कामांपैकी एक म्हणून 1925 च्या आरंभी सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. आज आमच्या शाळेसारख्या ज्या निवासी संस्था उभ्या आहेत, त्यांची वंशावळ त्या वसतिगृहापर्यंत जाते.

चौदा आणे आणि सव्वादोन रुपये

1919 च्या सुधारणांनंतर शिक्षण हे खाते लोकप्रतिनिधींना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आले. खजिन्याच्या किल्ल्या मात्र गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील अर्थसदस्याकडे राहिल्या. अशा विधिमंडळात 1927 च्या प्रारंभी बाबासाहेबांची सरकारनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक झाली. 12 मार्च 1927 रोजी शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलावयास उभे राहिले.

त्यांनी सभागृहापुढे दोन आकडे ठेवले. मुंबई इलाख्यात शिक्षणावर माणशी केवळ 14 आणे खर्च होतात, तर दारू-ताडीवरील अबकारी करातून सरकार माणशी 2.17 रुपये वसूल करते. म्हणजे सरकार लोकांच्या व्यसनातून जे मिळवते त्याच्या निम्मेदेखील त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर लावत नाही. अबकारीतून जितके घेता तितके तरी शिक्षणाच्या रूपाने परत करा, अशी त्यांची साधी मागणी होती. शिक्षणाचा प्रसार याच गतीने होत राहिला तर शाळेच्या वयाचे सर्व मुलगे शाळेत येण्यास 40 वर्षे आणि सर्व मुली येण्यास 300 वर्षे लागतील, हे हिंदुस्थान सरकारच्या अहवालातील अनुमानही त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले.

दुसरा मुद्दा गळतीचा होता. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर 100 मुलांपैकी जेमतेम 18 मुले चौथीपर्यंत पोचतात. उरलेली पुन्हा निरक्षर होतात. त्यामुळे शाळेत नाव घातले म्हणजे शिक्षण झाले, असे त्यांना मान्य नव्हते. मूल आयुष्यभर साक्षर राहील इतके शिकूनच त्याने शाळेबाहेर पडावे, ही त्यांची कसोटी होती. तिसरा मुद्दा फीचा होता. महाविद्यालये आणि हायस्कुले यांच्या खर्चाचा मोठा वाटा विद्यार्थ्यांच्या फीतून काढला जातो, हे दाखवून त्यांनी शिक्षणाच्या व्यापारीकरणाला आक्षेप घेतला. शिक्षण खाते हे देवाणघेवाणीच्या हिशेबाने चालवण्याचे खाते नव्हे, ही त्यांची भूमिका होती. चौथा मुद्दा जातीनिहाय विषमतेचा. लोकसंख्येच्या प्रमाणात मागासवर्गीय विद्यार्थी किती आहेत याची उतरंड त्यांनी मांडली. ती प्राथमिक शाळेत लहान, हायस्कुलात नगण्य आणि महाविद्यालयात जवळजवळ शून्य होती.

या भाषणानंतर अवघ्या आठ दिवसांनी, 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या दोन घटना निरनिराळ्या प्रकरणांत शिकवल्या जातात. परंतु महाडच्या सत्याग्रहाला ज्या ठरावाचा आधार होता, तो रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा 1923 चा ठराव पाहावा. सरकारी पैशाने बांधलेल्या वा चालवलेल्या पाणवठ्यांबरोबर शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. तळे आणि शाळा यांवरील हक्काचा उगम एकच आहे. जे सर्वांच्या पैशाने उभे राहिले ते सर्वांचे.

शाळा कोणाच्या हाती?

पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न तो पैसा खर्च करणाऱ्या हाताचा. शिक्षणमंत्री रँग्लर परांजपे यांच्या कारकिर्दीत 1923 चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्या ताब्यात देण्याचे ठरले. लोकांच्या शाळा लोकांच्या प्रतिनिधींनी चालवाव्यात, हा उदारमतवाद्यांचा विचार वरकरणी सुंदर होता. बाबासाहेबांनी मात्र विचारले की, त्या बोर्डांत बसणारे लोक कोण आहेत? ज्या गावात अस्पृश्य मुलाला वर्गाबाहेर ओट्यावर बसवतात, त्याच गावच्या प्रतिष्ठितांच्या हाती शाळेची सूत्रे दिली तर त्या मुलाचे काय होणार? 1928 साली सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मागणी केली की, हा कायदा रद्द करून शाळा-मंडळांकडे होणारे हस्तांतर थांबवावे. अन्यथा दलित वर्गाच्या शिक्षणाची पीछेहाट होईल. सत्तेचे विकेंद्रीकरण नेहमीच दुर्बळांच्या हिताचे असते, हा समज त्यांनी तेव्हाच तपासून पाहिला होता.

त्याच सुमारास मुंबई सरकारने दलित व आदिवासी वर्गांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. 1930 मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालात शिक्षणाच्या सोयींना प्रमुख स्थान मिळाले. दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी सरकारी साहाय्य मिळवण्याचे कामही त्यांनी याच काळात नेटाने केले.

1937 ची निवडणूक : दोन उमेदवार, दोन वाटा

1935 च्या कायद्यान्वये 1937 च्या फेब्रुवारीत प्रांतिक निवडणुका झाल्या. मतदानाचा हक्क तेव्हा मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर बेतलेला होता. निरक्षर भूमिहीनाला मत नव्हते. शाळा आणि मतपेटी यांचे नाते इतके उघड होते. बाबासाहेबांनी 1936 साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात कूळ, शेतमजूर व गिरणी कामगार यांच्या मागण्यांबरोबर मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि तांत्रिक शिक्षण यांना स्थान होते. मुंबईच्या कामगार वस्तीतून ते स्वतः उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर सुप्रसिद्ध क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांना उभे केले होते. बाबासाहेब निवडून आले आणि त्यांच्या पक्षाचे बहुतांश उमेदवारही विजयी झाले. जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि बाबासाहेब विरोधी बाकांवर बसले.

आता शाळेच्या पैशावरून खरा तात्त्विक सामना झाला. काँग्रेस दारूबंदीला वचनबद्ध होती. दारूबंदी केली तर अबकारीचे उत्पन्न बुडणार आणि शिक्षणाला पैसा उरणार नाही, हा पेच गांधीजींनी ओळखला होता. मद्यपी बापाच्या पैशातून मुलांना शिकवणे हा त्यांना कलंक वाटे. म्हणून 1937 साली त्यांनी असा मार्ग सुचवला की, शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे आणि मुलांच्या श्रमातून झालेल्या वस्तूंच्या विक्रीने शाळेने आपला खर्च भागवावा. ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि 1938 च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने मूलोद्योग शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले. सात वर्षांचे मोफत शिक्षण मातृभाषेतून मिळावे आणि हाताने काम करण्याला प्रतिष्ठा यावी, हा त्यातील विचार मोलाचा होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु गरिबांच्या मुलांनी आपल्या शिक्षणाचा खर्च आपल्याच श्रमांतून भरून काढावा, हा त्याचा आर्थिक भाग मात्र आम्हांस पटत नाही. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या हस्तोद्योगात आणि वेठबिगारीत गेल्या, त्यांची मुले शाळेत येत होती ती त्या श्रमातून सुटका व्हावी म्हणून.

बाबासाहेबांनी अंदाजपत्रकावरील चर्चांत प्राधान्याचा प्रश्न उपस्थित केला. दारू चांगली, असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते. परंतु या प्रांतात दारूबंदी अधिक निकडीची की शिक्षण, याचे उत्तर सरकारने द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. हाती असलेला महसूल सोडून द्यायचा, त्याची भरपाई करण्यासाठी नवा कर बसवायचा, आणि तो नवा करही शाळांकडे न जाता जुने भगदाड बुजवण्यात जायचा, हा व्यवहार त्यांच्यातील अर्थशास्त्रज्ञाला रुचला नाही. 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली आणि तिच्यासाठी नागरी स्थावर मालमत्तेवर कर बसला. 1927 साली अबकारी इतका पैसा शाळांना द्या असे म्हणणारा सदस्य बारा वर्षांनी त्याच आकड्यांवर ठाम होता.

बौद्ध वाचकांच्या मनात येथे एक शंका येईल. पंचशीलातील पाचवे शील मद्यापासून विरत राहण्याचे आहे, आणि बाबासाहेबांनी 1956 साली दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग हा विरोध कसा जुळवायचा? आमची समजूत अशी की, शील हे माणसाने समजून-उमजून स्वतः ग्रहण करावयाचे असते. ती समज शिक्षणाने येते. मुलाला शाळेपासून वंचित ठेवून बापाची बाटली हिसकावणारे राज्य दोघांनाही शहाणे करीत नाही. बाबासाहेबांनी शील माणसावर सोपवले आणि शाळा राज्यावर.

तीन लक्ष रुपये

1942 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यातील युक्तिवाद पुन्हा जमाखर्चाचाच होता. बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला केंद्र सरकार दरसाल प्रत्येकी तीन लक्ष रुपये देते. मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी तेवढी तरतूद का नसावी? ही मागणी मान्य झाली आणि 1944 पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. काही विद्यार्थी परदेशीही पाठवले गेले. आजही आमचे माजी विद्यार्थी महाविद्यालयात गेल्यावर ज्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, तिचे मूळ येथे आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. एका अर्थशास्त्रज्ञाने सरकारच्या हिशेबातील विषमतेवर बोट ठेवून मिळवलेला तो वाटा आहे.

सरकारवर दबाव आणताना ते स्वतः संस्था उभारण्यातही मागे राहिले नाहीत. 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि 1950 साली औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू झाले ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी त्यांनी शिक्षणसंस्थांची नावे बौद्ध परंपरेतून घेतली होती.

संविधानातील चौदा वर्षे

23 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अनुच्छेद चर्चेला आला. ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरतीच ठेवावी, अशी एक दुरुस्ती सुचवली गेली. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात वा खाणीत कामाला लावण्यास संविधान मनाई करणार असेल, तर त्या वयापर्यंत ते मूल शाळेतच असले पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट केले. बालमजुरी आणि शाळा यांचा असा थेट सांधा त्यांनी जुळवला. ही तरतूद मार्गदर्शक तत्त्वांत गेल्यामुळे तिच्यातील हक्काचा उल्लेख मात्र वगळावा लागला, आणि ती दुरुस्ती त्यांनी स्वीकारली. दहा वर्षांच्या आत हे साध्य व्हावे, अशी मुदत अनुच्छेद 45 मध्ये घातली गेली. ती दहा वर्षे 1960 साली संपली. शिक्षण हा मूलभूत हक्क होण्यास 2002 ची शहाऐंशिवी घटनादुरुस्ती यावी लागली, आणि त्या हक्काचा कायदा लागू होण्यास 1 एप्रिल 2010 उजाडला. पन्नास वर्षांच्या या विलंबात किती मुले चौथीच्या आत गळाली, याचा हिशेब कोणत्या अंदाजपत्रकात मांडायचा?

पराभूत उमेदवाराचा जाहीरनामा

1951 साली मंत्रिमंडळाचा राजीनामा देऊन बाबासाहेब पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला सामोरे गेले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात मागास वर्गांच्या उच्च शिक्षणावर भर होता. राज्ययंत्रणेतील निर्णयाच्या जागांवर आपली माणसे पोचल्याखेरीज खालच्या शाळाही सुधारणार नाहीत, हा त्यामागचा अनुभव होता. या जाहीरनाम्याचे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वैशिष्ट्य असे की, त्यात केवळ आश्वासने नव्हती, तर पैसा कोठून आणायचा हेही सांगितले होते. लष्करी खर्चात कपात, मिठावरील कर पुन्हा बसवणे, दारूबंदी उठवून अबकारीचे उत्पन्न वाचवणे आणि विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण, अशी ती यादी होती. यांतील एकही उपाय मते मिळवून देणारा नव्हता. मिठाचा कर तर स्वातंत्र्यलढ्याच्या स्मृतीवरच पाय देणारा होता. तरीही मतदाराला खरा हिशेब सांगणे हे उमेदवाराचे कर्तव्य आहे, असे त्यांनी मानले.

उत्तर मुंबई मतदारसंघात काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि 6 डिसेंबर रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आमच्यासमोरचा हिशेब

कोठारी आयोगाने 1966 साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस केली. त्यानंतरच्या प्रत्येक राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, अगदी 2020 च्या धोरणातही, हा सहाचा आकडा आहे, आणि तो अद्याप गाठला गेलेला नाही. दर निवडणुकीत सर्व पक्षांचे उमेदवार शिक्षणाविषयी गोड बोलतात. दुसरीकडे आम्ही शिक्षक वेतनेतर अनुदानाची वाट पाहतो, संचमान्यतेच्या कागदांत अडकतो, आणि पट कमी म्हणून वाडीवरची शाळा बंद करण्याची चर्चा ऐकतो. ज्या वाडीवरून शेजारच्या गावी जायला ओढा ओलांडावा लागतो, तेथील मुलीच्या दृष्टीने शाळा दूर जाणे आणि शाळा सुटणे यांत फरक नसतो. अशीच कितीतरी मुले आज आमच्या वसतिगृहात राहून शिकत आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे अठरा वर्षांचे होतील ते मतदार होतील, आणि त्यांचे आईवडील आजच मतदार आहेत. त्यांच्या दारी मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो आणि गळ्यात निळे उपरणे घालून का येईना, त्यांनी बाबासाहेबांचे तीन प्रश्न विचारावेत. शाळांवर माणशी किती खर्च करणार? तो पैसा कोणाकडून घेणार? आणि पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी शेवटपर्यंत किती टिकवणार? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली पाहिजेत. 1927 साली सभागृहात उभे राहून चौदा आण्यांचा हिशेब मागणारा तो एकटा सदस्य आज आपल्यात नाही. हिशेब मागण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!